नगरपालाची सही



आपल्या समाजात सत्कार समारंभांची उणीव नाही. शाल येते, श्रीफळ येते, गुच्छ येतो, छायाचित्र निघते आणि सत्कारमूर्ती घरी परततात. गेल्या कित्येक वर्षांत अशा समारंभांना मी मागच्या खुर्चीवर बसून हजर राहिलो आहे. एका ठिकाणी तर सत्कार इतके लांबले की, ज्या मुलांच्या बक्षिसांसाठी सभा बोलावली होती त्यांची नावे दिवे मालवता मालवता घाईघाईने वाचून दाखवावी लागली. त्या रात्री घरी येताना मनात प्रश्न आला की, मान म्हणजे नेमके काय? तो घेणाऱ्याकडून काही मागतो की नुसताच देतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आपल्या मुंबईतील एका जुन्या मानाच्या पदाची आठवण झाली. त्याचीच हकिगत या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवीत आहे.

हे पद म्हणजे मुंबईचे शेरीफ. मराठीत आपण त्यांना नगरपाल म्हणतो. आपल्या घरांत 'शरीफ' हा शब्द रोजचा असल्यामुळे अनेकांना वाटते की, शहरातील सज्जन गृहस्थ म्हणून हे नाव पडले असावे. कल्पना गोड आहे, परंतु खरी नाही. हा शब्द इंग्लंडमधून आला. 'शायर' म्हणजे परगणा आणि 'रीव्ह' म्हणजे कारभारी, असे दोन जुने शब्द मिळून तो तयार झाला. कंपनी सरकारच्या काळात न्यायालयांबरोबर हे पद मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तीन शहरांत रुजले. न्यायालयाची समन्से बजावणे, ज्यूरीच्या लोकांना बोलावणे, जप्तीचे हुकूम अमलात आणणे ही त्याची मूळ कामे होत. पुढे ती कामे हाताखालच्या अधिकाऱ्यांकडे गेली आणि नगरपाल हे एका वर्षापुरते एखाद्या प्रतिष्ठित नागरिकाला द्यावयाचे मानाचे पद बनले. कचेरी उच्च न्यायालयात, राजशिष्टाचारात स्थान महापौरांच्या खालोखाल, परदेशी पाहुण्यांचे स्वागत करण्याचा मान. आणि हुकूम चालवण्याचा अधिकार मात्र नाही.

तर मग या पदात होते काय? विद्यार्थीमित्रांनो, येथे थोडे लक्ष द्या. नगरपालाच्या हाती एक गोष्ट अशी होती की, जी भल्याभल्या श्रीमंतांच्या हाती नव्हती. तो शहराची सभा बोलावू शकत असे. शहरातील काही रहिवाशांनी सह्या करून त्याच्याकडे अर्ज करावयाचा, त्याने तो मान्य करावयाचा, आणि मग त्याच्या सहीने जाहीर सूचना निघावयाची की, अमुक दिवशी टाउन हॉलमध्ये मुंबईच्या रहिवाशांची सभा भरेल. अशी सभा एका जमातीची, एका पेढीची किंवा एका पक्षाची समजली जात नसे. ती मुंबईची सभा गणली जाई. एखाद्या थोर पुरुषाच्या निधनाचा शोक, एखाद्या कायद्याविषयी गाऱ्हाणे, दुष्काळासाठी फंड, जाणाऱ्या गव्हर्नराला मानपत्र, अशा गोष्टी शहराच्या नावाने बोलायच्या तर त्या सूचनेखाली नगरपालाची सही लागे. खुर्ची शोभेची खरी, परंतु त्या सहीला वजन होते.

आता आपल्या माणसांकडे वळू. १८८५ सालचे नगरपाल होते रहिमतुल्ला महंमद सयानी. जन्म १८४७ चा, खोजा जमातीतील, पेशाने सॉलिसिटर. मुंबई विद्यापीठातून अगदी सुरुवातीच्या काळात पदव्या घेतलेल्या मोजक्या मुसलमानांपैकी ते एक होते. ज्या काळात आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाकडे संशयाने पाहिले जात होते, त्या काळात या तरुणाने एम. ए. आणि कायद्याची पदवी मिळवली. पालकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

सरकारने नगरपालपदाचा मान दिला म्हणजे माणूस सरकारचा मिंधा झाला, असे पुष्कळांच्या बाबतीत घडतही असे. सयानींनी काय केले पाहा. त्याच १८८५ सालच्या डिसेंबरात मुंबईतील गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत इंडियन नॅशनल काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. हे अधिवेशन खरे तर पुण्यास व्हावयाचे होते, पण तेथे पटकीची साथ आल्यामुळे मुंबईस हलवावे लागले. देशभरातून ७२ प्रतिनिधी जमले. त्या ७२ मध्ये मुसलमान होते अवघे दोन, आणि त्यांपैकी एक होते रहिमतुल्ला सयानी. सरकारी शिष्टाचारात मानाचे पान मिळालेला हा गृहस्थ, ज्या सभेकडे सरकारचे बारीक लक्ष होते तेथे जाऊन बसला. बोलावणे तर पुष्कळांना गेले असेल.

पुढे १८८८ साली ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. तेव्हा 'महापौर' हे नाव नव्हते, ते १९३१ मध्ये आले. अध्यक्षपदावर बसलेले ते पहिले मुसलमान होत. १८९६ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. मुसलमानांनी काँग्रेसमध्ये येऊ नये असे म्हणणाऱ्यांचे आक्षेप त्यांनी आपल्या भाषणात एकामागून एक मांडले आणि एकेकाला उत्तर दिले. आक्षेप टाळले नाहीत, हसण्यावारी नेले नाहीत. वकिलाची शिस्तच ती! १९०२ मध्ये त्यांचे निधन झाले. आज प्रभादेवीला सयानी रोडवरून हजारो लोक रोज जातात. रवींद्र नाट्य मंदिर त्याच रस्त्यावर आहे. हे सयानी कोण, असे नाटकाला आलेल्या कोणालाही विचारून पाहावे.

सयानींनंतर बारा वर्षांनी, १८९७ मध्ये, नगरपाल झाले आदमजी पीरभाई. दाऊदी बोहरा जमातीतील हे व्यापारी सौराष्ट्राकडून आलेले. गरिबीतून वर आले, लष्कराला तंबू पुरवण्याच्या धंद्यात मोठे झाले आणि धर्मादायात सढळ हाताने खर्च करू लागले. त्यांचे वर्ष मोठे कठीण होते. १८९६ च्या उत्तरार्धात मांडवीत प्लेगने पाय रोवले होते आणि सत्त्याण्णव उजाडेपर्यंत लोक बिऱ्हाडे आवरून गावोगाव पळत होते. दुसरीकडे त्याच जूनमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाल्याचा सोहळा. एकीकडे रोषणाई आणि एकीकडे रुग्णांचे तंबू, अशा वर्षी हा मान त्यांच्याकडे होता.

त्याच वर्षी, त्याच उच्च न्यायालयात आणखी एक गोष्ट घडली. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. जामीन मिळेना. अर्ज नामंजूर झाले होते. ऑगस्टमध्ये अर्ज न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे आला आणि त्यांनी जामीन दिला. तय्यबजी म्हणजे १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्या मंडळींतील प्रमुख आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. न्यायासनाचा मान सरकारनेच दिला होता. सरकारला रुचणार नाही असा हुकूम त्याच आसनावरून निघाला.

पीरभाईंना १९०७ साली 'सर' हा किताब मिळाला. परंतु त्यांच्या घराण्याची खरी आठवण पाहावयाची असेल तर किताबाच्या कागदात पाहू नका, नेरळ स्टेशनवर जा. नेरळहून माथेरानला जाणारी, दोन फूट रुंदीच्या रुळांवरची ती छोटी गाडी त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी बांधली. पैसा वडिलांचा. ती १९०७ सालीच सुरू झाली. एकवीस किलोमीटरची वाट, वळणावर वळणे. २००५ च्या जुलैमधील अतिवृष्टीने मार्ग वाहून गेला तेव्हा तो पुन्हा उभारण्यात आला. आपल्या शाळांच्या सहली माथेरानला जातात. शिक्षकांनी गाडीत हे नाव मुलांना एकदा सांगितले तर बरे होईल.

येथवर वाचून कोणाला वाटेल की, नगरपालाने सभा बोलावली म्हणजे शहर बोलले. तसे नेहमीच नसे. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ११ डिसेंबर १९१८ चे. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन निवृत्त होऊन जाणार होते. त्यांचा गौरव करण्यासाठी शहरातील काही धनिकांनी नगरपालाकडून टाउन हॉलमध्ये सभा बोलावली. म्हणजे मानपत्र मुंबईच्या नावाने जाणार! शहरातील पुष्कळांना हे मंजूर नव्हते. बॅरिस्टर महंमद अली जिना त्या वेळी काँग्रेसचे पुढारी होते. ते आणि पत्रकार हॉर्निमन यांच्या पुढाकाराने विरोधक सकाळपासूनच टाउन हॉलच्या त्या उंच पायऱ्यांवर आणि आतील खुर्च्यांवर जाऊन बसले. सभा सुरू होताच असा गलका झाला की, ठराव कोणाला ऐकू गेला आणि कोणी हात वर केले हे कळण्याची सोय उरली नाही. अखेर पोलीस कमिशनरांनी सभागृह रिकामे करविले आणि विरोधकांना ढकलून बाहेर काढण्यात आले. बाहेर लोकांनी त्यांचा जयजयकार केला. नंतर लोकांनी एकेक रुपया वर्गणी जमवून या दिवसाच्या आठवणीसाठी सभागृह बांधले. लॅमिंग्टन रोडवर काँग्रेस हाउसच्या आवारातील पी. जे. हॉल तो हाच. पुढे जिनांची वाट निराळी झाली आणि तिची जी किंमत या देशाने मोजली ती सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या दिवशी मुंबईकरांनी एवढे सांगितले की, नगरपालाची सही असली तरी आमचे नाव आम्हांला विचारल्याशिवाय वापरता येणार नाही.

दोनच वर्षांत, १९२० च्या असहकारात, दिल्लीचे हकीम अजमल खान यांनी सरकारने दिलेला 'हाजिक-उल-मुल्क' हा किताब आणि कैसर-ए-हिंद पदक परत केले. लोकांनी त्यांना 'मसीह-उल-मुल्क' म्हणावयास सुरुवात केली. आणि १९४२ मध्ये मुंबईने महापौरपदासाठी युसूफ मेहेरअली यांना निवडले तेव्हा ते तुरुंगात होते. 'सायमन, परत जा' ही घोषणा देणारा हा अडतीस वर्षांचा समाजवादी तरुण शहराचा प्रथम नागरिक झाला आणि त्याच ऑगस्टमध्ये पुन्हा पकडला गेला. १९५० मध्ये, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, ते गेले.

स्वातंत्र्यानंतर किताबांचा प्रश्न घटनेनेच सोडवला. अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले. १९५४ पासून भारतरत्न आणि पद्म पुरस्कार दिले जाऊ लागले, परंतु ते किताब नव्हेत. ते नावाच्या आधी किंवा नंतर जोडता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्याच समारंभांच्या निमंत्रणपत्रिकांवर पाहुण्यांच्या नावाआधी 'पद्मश्री' छापलेले मी अनेकदा पाहिले आहे. छापखान्याला सांगण्याचे काम आपले आहे.

नगरपाल हा किताब नसून पद होते, म्हणून ते टिकले. १९८० मध्ये ते दिलीपकुमार यांना मिळाले. पेशावरच्या फळांच्या व्यापाऱ्याचा मुलगा महंमद युसूफ खान मुंबईच्या नगरपालाच्या खुर्चीवर बसला, ही बातमी आमच्या मोहल्ल्यात किती दिवस चघळली गेली ते आजही आठवते! आमच्या वडिलांनी सिनेमा कधी पाहिला नाही, परंतु त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र दोनदा वाचले. दिलीपकुमार पुढे राज्यसभेत गेले, त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि ७ जुलै २०२१ रोजी जुहूच्या कब्रस्तानात त्यांचे शासकीय इतमामात दफन झाले.

नगरपालांखेरीज आणखी एक मानाचे काम आपल्या वस्त्यांना जवळून ठाऊक आहे. पूर्वी जे. पी. आणि नव्या फौजदारी संहितेनंतर, म्हणजे १९७४ पासून, विशेष कार्यकारी दंडाधिकारी. लोक त्यांना एस. ई. एम. म्हणत. पगार नाही, कचेरी नाही, घराच्या दारावर एक पाटी आणि टेबलावर एक शिक्का. गुणपत्रिकेच्या नकलेवर 'खरी नक्कल' म्हणून सही हवी असली की, आम्ही मुले त्यांच्या दारात रांग लावत असू. जून महिन्यात तर जेवण्यासही त्यांना उसंत नसे. आमच्या गल्लीतील असे एक चाचा चहा निवत ठेवून प्रत्येक नक्कल मूळ कागदाशी ताडून पाहत, आणि आकडा जुळला नाही तर सही न करता कागद परत देत. कोणी कितीही ओळखीचा असो. त्यांचा सत्कार कधी झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मद्रासमध्ये नगरपालाचे पद १९९८ मध्ये बंद झाले. मुंबईत २००८ साली डॉ. इंदू शहाणी नगरपाल झाल्या. त्यानंतरच्या काळात ही मानाची खुर्ची बहुतेक रिकामीच राहिली. कचेरी मात्र उच्च न्यायालयात आहे. एखाद्या जहाजमालकाने देणे थकवले आणि न्यायालयाने जहाज अडकवून ठेवण्याचा हुकूम दिला तर तो बजावण्याचे, आणि वेळ आली तर त्या जहाजाचा लिलाव पुकारण्याचे काम तेथील कर्मचारी करतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कधीतरी बारीक अक्षरात तशी सूचना येते: जहाजाचे नाव, लिलावाची तारीख, अटी, आणि खाली 'शेरीफ ऑफ मुंबई'. पुढच्या वेळी ती दिसली तर मुलांना जरूर दाखवा.