प्रोसेस आयडी

प्रोसेस आयडी : राउटरवर ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल सुरू करताना त्याच्या नावापुढे लिहितात तो क्रमांक. सिस्कोच्या राउटरला 'राउटर ओएसपीएफ 10' अशी आज्ञा दिली की त्यातला 10 हा प्रोसेस आयडी. 1 ते 65535 यांतला कोणताही आकडा चालतो. हा क्रमांक ओएसपीएफच्या पॅकेटांतून जात नाही, म्हणून शेजारच्या राउटरला तो कळतही नाही. 1998 च्या ओएसपीएफ मानकात, म्हणजे आरएफसी 2328 मध्ये, त्याचा पत्ताच नाही. ती राउटर बनवणाऱ्यांनी केलेली सोय आहे.

म्हणजे हा क्रमांक त्या राउटरपुरता, स्थानिक असतो. उदाहरणार्थ, लोंढा जंक्शनवरून रेल्वेचे फाटे बेळगाव, धारवाड आणि कॅसलरॉकमार्गे गोवा असे जातात. समजा, यांपैकी तीन ठिकाणी राउटर बसवले आणि लोंढ्याला 10, बेळगावला 1, कॅसलरॉकला 77 दिला, तरी शेजार जुळतो. गाडी लोंढ्यात एका क्रमांकाच्या फलाटावर लागते, बेळगावात दुसऱ्या, तसेच हे. जुळावे लागतात ते एरिया, सबनेट मास्क, हॅलो व डेड टायमर आणि ऑथेंटिकेशन. राउटर आयडी मात्र प्रत्येकाचा वेगळाच हवा.

नवशिक्यांचा घोटाळा होतो तो ईआयजीआरपी या दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉलमुळे, आणि त्यात त्यांचा दोष थोडाच. तिथेही आकडा त्याच जागी लिहितात. पण तो स्वायत्त प्रणालीचा, म्हणजे एएस क्रमांक असतो, पॅकेटातून जातो आणि दोन्ही बाजूंना एकच लागतो. बीजीपी प्रोटोकॉलचा एएस क्रमांक तर जगभर एकमेव, रीतसर मिळवावा लागणारा : बीएसएनएलचा 9829. खासगी वापरासाठी मात्र 64512 ते 65534 राखून ठेवले आहेत. रिप या प्रोटोकॉलला असा क्रमांकच नसतो.

एकाच राउटरवर दोन ओएसपीएफ प्रक्रिया चालवता येतात. त्यांची माहिती वेगवेगळी राहते. एकीचे मार्ग दुसरीत आपोआप शिरत नाहीत, त्यासाठी रीडिस्ट्रिब्यूशन करावे लागते. गरज नसताना हा खटाटोप करू नये.

'क्रमांक स्थानिक असतो' या नियमाला एमपीएलएस व्हीपीएनमध्ये, म्हणजे सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या जाळ्यातून ग्राहकाची ठिकाणे जोडणाऱ्या खासगी जाळ्यात, मोठा अपवाद आहे. तिथे सिस्कोचा प्रोव्हायडर राउटर ग्राहकाच्या ओएसपीएफचा डोमेन आयडी प्रोसेस आयडीवरूनच तयार करतो. दोन टोकांना वेगळे क्रमांक दिले, तर ग्राहकाचे अंतर्गत मार्ग पलीकडे बाह्य मार्ग म्हणून दिसतात. म्हणून अशा जाळ्यात दोन्ही टोकांना एकच क्रमांक द्यावा, नाहीतर डोमेन आयडी स्वतः लिहून द्यावा.