बेसांव, बारसे आणि ओवी

मागे एका लग्नाच्या निमित्ताने इंदूरला जाणे झाले. तुकोगंजात एका नातेवाईकांकडे उतरलो होतो. शेजारी एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहत होते. मूळचे अहमदनगरकडचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. संध्याकाळी आई, वडील आणि दोन मुले एकत्र बसून प्रार्थना म्हणत. मुलांची शाळा इंग्रजी, रस्त्यावरची भाषा हिंदी, पण प्रार्थना मात्र शुद्ध मराठीत! मला गोव्यातली तिन्हीसांज आठवली. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांतही आंजॉची घंटा झाली की सगळे उभे राहतात, मग तेर्स होतो आणि शेवटी मुले थोरामोठ्यांकडे 'बेसांव' मागतात. बेसांव म्हणजे आशीर्वाद. शब्द पोर्तुगीज वळणाचा असला तरी तो मागण्याची रीत आपल्या नमस्कारासारखीच आहे.

मुलाच्या मनात श्रद्धा कोण रुजवतो, असा विचार तेव्हापासून मनात घोळतो आहे. राजाचा हुकूम, देवळातला किंवा चर्चमधला उपदेश, की घरातले आईबाप? आपल्या गोव्याच्या इतिहासात या प्रश्नाला जरा कडू चव आहे.

१५५९ साली पोर्तुगालच्या राजाने एक फर्मान काढले. ज्या हिंदू मुलांना आईवडील वा आजीआजोबा नसतील त्यांना जेझुइटांच्या विद्यालयात नेऊन बाप्तिस्मा द्यावा, असा तो हुकूम होता. एखाद्याचे आईबाप गेले की त्याचा धर्म ठरवण्याचा हक्क सरकारकडे आला! पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला शिकावे आणि कोकणी सोडावी असा हुकूम काढला. सरकारी कचेरीत इतकी वर्षे काढल्यावर परिपत्रकाचा प्रताप मला ठाऊक आहे. पण हे परिपत्रक काही स्वयंपाकघरात पोचले नाही. आई मुलाला ज्या भाषेत निजवते ती भाषा तीन वर्षांत बदलत नसते. कोकणी आज राजभाषा आहे आणि तेर्सही कोकणीत चालू आहे.

ही गोष्ट एका इंग्रज माणसाने त्याआधीच ओळखली होती. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने 'ख्रिस्तपुराण' लिहिले ते मराठीत आणि ओवी छंदात. १६१६ साली ते राशोलला छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणे ऐकण्याची सवय सुटली होती, पण भूक तशीच होती. ती भूक त्याला कळली. दहा हजारांवर ओव्यांचा हा ग्रंथ चर्चमध्ये वाचला जाई. मुलांना धर्माची तत्त्वे शिकवण्यासाठी त्याने कोकणीत प्रश्नोत्तरांचे पुस्तकही तयार केले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये निघाले.

आता गोव्यातून महाराष्ट्रात जाऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला. घरी लक्ष्मीबाई आणि चिमुकला दत्तू. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. नंतरची काही वर्षे त्या मुलाला घेऊन नातेवाईकांकडे राहिल्या. त्या काळचा नवरा बायकोमुलांना हुकमाने आपल्या वाटेवर ओढू शकला असता. टिळक तसे वागले नाहीत. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ राहायला आल्या त्यासुद्धा आपले सोवळे सांभाळून. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला, त्याचे उत्तरही स्वतःच शोधले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. मला वाटते, दत्तूचा खरा धर्मपाठ इथेच झाला. श्रद्धा लादायची नसते, ती पटावी लागते, हे त्याने आईवडिलांच्या संसारात पाहिले.

त्या घरात भक्तीची भाषाही परकी झाली नाही. तुकोबांमुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असे टिळक मानत. त्यामुळे अभंग आणि कीर्तन घरात राहिलेच, फक्त त्यांत येशू आला. शिवाय टिळक फुलामुलांचे कवी! मुलांशी बोलताना ते उपदेशकाचा आवाज लावत नसत. दत्तू मोठा होऊन देवदत्त टिळक झाला आणि 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकाचा संपादकही झाला. घरातले संस्कार असे पुढे जातात.

टिळकांनी १९०९ मध्ये 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले होते. १९१९ साली ते गेले तेव्हा जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय रचले. १९३६ मध्ये त्याही गेल्या. शेवटचा अध्याय मुलाने लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ बाहेर आला. बापाने आरंभलेले, आईने वाढवलेले आणि मुलाने पुरे केलेले दुसरे असे महाकाव्य मराठीत निदान मला तरी माहीत नाही. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून काढायला सांगितल्या. त्यातूनच आपल्याला 'स्मृतिचित्रे' मिळाली!

आपण हिंदू आईबापही यातून थोडे शिकायला हरकत नाही. आपण मुलाला बारशापासून धर्म देतो, पण पुढे त्याच्याबरोबर बसतो किती? शुभंकरोती म्हणायला लावून आपण टीव्हीपुढे बसलो, तर मूल शुभंकरोती विसरते आणि टीव्ही लक्षात ठेवते. १५५९ च्या फर्मानाने मुलांचा धर्म बदलता आला, पण श्रद्धा तशी देता येत नाही. त्यासाठी आईबापांना रोज संध्याकाळी थोडा वेळ घरात, मुलाच्या शेजारी आणि त्याच्याच भाषेत बसावे लागते.