अँटेना, बिनतारी संवेदक जालांतील

तापमान, कंपन, जमिनीतील ओल अशा राशी मोजून रेडिओ तरंगांद्वारे पुढे कळवणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या उपकरणांच्या (नोडच्या) समूहाला बिनतारी संवेदक जाल म्हणतात. नोडची अँटेना निवडताना वारंवारता, आकार, ध्रुवण आणि लाभांक पाहिले जातात. जमिनीपासूनची उंचीही विचारात घ्यावी लागते.

अँटेनेची लांबी तरंगलांबीवर ठरते. २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे १२.५ सेंमी. असल्याने पाव तरंगलांबीची तार जेमतेम ३ सेंमी. भरते. भारतात विनापरवाना वापरता येणाऱ्या ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती ८.७ सेंमी.च्या आसपास लागते. पण पल्ला वाढतो आणि पानांतील पाणी तुलनेने कमी शक्ती शोषते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत घडलेल्या ‘टेलॉस’ नोडवर अँटेना सर्किट बोर्डावरच उलट्या एफ आकारात छापलेली होती. माहितीपत्रकात तिचा पल्ला खोलीत ५० मी. आणि उघड्यावर १२५ मी. दिला आहे. अशी अँटेना स्वस्त आणि मोडण्याचे भय नसलेली; परंतु शेजारची बॅटरी, धातूचे आवरण किंवा भिंत तिचा मेळ बिघडवते आणि सर्व दिशांना सारखे प्रसारण होत नाही. एका नोडची अँटेना उभी व दुसऱ्याची आडवी बसवली, तर ध्रुवण न जुळल्याने मिळणारी शक्ती शंभराव्या हिस्स्याइतकीच उरू शकते.

उंचीचा परिणामही मोठा आहे. थेट येणारा तरंग आणि जमिनीवरून परावर्तित झालेला तरंग बऱ्याच अंतरावर एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. तेथे शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते. अशा ठिकाणी दोन्ही टोकांची उंची दुप्पट केली, की शक्ती सोळापट होते. टेलॉसचा प्रेषक जास्तीत जास्त १ मिलिवॉटचा. त्याच्याकडून एवढी वाढ मिळणे अशक्यच. २.४ गिगाहर्ट्झला १०० मी. अंतराच्या दुव्यात मध्यभागी पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची (सरळ रेषेभोवतीच्या, मोकळ्या ठेवाव्या लागणाऱ्या जागेची) त्रिज्या सुमारे १.८ मी. असते. गुडघ्याएवढ्या खुंटीवर बसवलेल्या नोडला ती मोकळी मिळणे शक्य नाही.

जास्त लाभांकाची अँटेना म्हणजे जास्त शक्ती नव्हे. ती असलेली शक्ती ठरावीक दिशेत गोळा करते. म्हणून यागी अँटेना एकाच दिशेने बोलणाऱ्या दूरच्या दुव्याला योग्य, तर जास्त लाभांकाची बहुदिश अँटेना उताराच्या जमिनीवर खालच्या नोडना चुकवते. लाभांकाचा फायदा ग्रहणातही होतो, आणि ग्रहण काही फुकट नसते: टेलॉसच्या रेडिओ चिपला प्रेषणाला सुमारे १७ मिलिअँपिअर, तर ग्रहणाला १९च्या आसपास विद्युतप्रवाह लागतो.

पीक वाढते तशी तरंगांच्या वाटेतील परिस्थितीही बदलते. नेदरलंड्समधील बटाट्याच्या शेतांतील चाचण्यांत रात्री आणि पावसात संदेश उलट अधिक चांगले पोचत होते. त्यामुळे प्रयोगशाळेतील आकड्यांवर विसंबून न राहता अँटेना ज्या खांबावर राहणार, तेथेच निदान एक हंगाम हरवलेल्या संदेशांची मोजदाद करावी.