राजस्थानातील खाणी : पट्टा राज्याचा, सुरक्षा केंद्राची

जयपूर : राजस्थानात खाणीसाठी जमीन कोणाला द्यायची, याचा निर्णय जयपूरचे सचिवालय आणि उदयपूरचे खाण व भूविज्ञान संचालनालय घेते. त्या खाणीत उतरणाऱ्या कामगाराला संरक्षक साधने मिळतात की नाही, दगडाची कड किती उंच उभी ठेवली आहे आणि हवेत धूळ किती आहे, हे तपासण्याचा अधिकार मात्र केंद्र सरकारच्या निरीक्षकांचा आहे. राज्याचे खाण प्रशासन समजून घेताना ही विभागणी ध्यानात ठेवावी लागते. लहान दगडखाणींतील कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न याच सांध्यात अडकलेला आहे.

राज्यात शिसे व जस्त (भिलवाडा, उदयपूर, राजसमंद), तांबे (खेत्री), रॉक फॉस्फेट (झामरकोटडा), मकराण्याचा संगमरवर, कोटा फरशी, तसेच जोधपूर, करौली व धौलपूरचा वालुकाश्म अशी विविध खनिजसंपत्ती आहे. धातूंच्या यांत्रिक खाणींत मोठ्या कंपन्या आहेत, तर इमारती दगडाच्या असंख्य खाणी लहान पट्टेदारांच्या हाती आहेत.

अधिकारांची वाटणी

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीची २३ वी नोंद खाणींचे नियमन राज्यांकडे सोपवते. परंतु संघसूचीच्या ५४ व्या नोंदीन्वये संसदेने कायदा केल्यास तेवढ्यापुरता राज्याचा अधिकार संकुचित होतो. त्यानुसार १९५७ चा खाणी व खनिजे (विकास व नियमन) अधिनियम अस्तित्वात आला. या अधिनियमाच्या कलम १५ ने गौण खनिजांबाबत नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. १० फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्राने जिप्सम, चिनी माती, डोलोमाइट यांसह ३१ खनिजे गौण ठरवल्याने राजस्थानचे कार्यक्षेत्र विस्तारले. त्यांपैकी फेल्डस्पार, क्वार्ट्झ, अभ्रक व बॅराइट्स ही चार खनिजे फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा प्रमुख खनिजांत गेली.

सुरक्षेबाबत अशी विभागणी नाही. संघसूचीच्या ५५ व्या नोंदीने खाणी व तेलक्षेत्रांतील कामगार आणि सुरक्षितता यांचे नियमन केंद्राकडे ठेवले आहे.

पट्ट्यापासून रवन्न्यापर्यंत

महाराष्ट्रात गौण खनिजांचा कारभार प्रामुख्याने महसूल खात्यातून, जिल्हाधिकारी व तहसीलदारांमार्फत चालतो. राजस्थानात तो स्वतंत्र खाण खात्याकडे आहे. उदयपूरच्या संचालकांच्या अधिपत्याखाली अधीक्षक खनि अभियंता, खनि अभियंता व सहायक खनि अभियंता अशी उतरंड असून, अवैध उत्खननावर नजर ठेवण्यासाठी दक्षता शाखा आहे. धोरण व महत्त्वाच्या मंजुऱ्या जयपूरला ठरतात.

राजस्थान गौण खनिज सवलत नियम, २०१७ हे या कारभाराचे मुख्य साधन होय. त्यात खाणपट्टा, लहान भूखंडासाठी खदान परवाना आणि अल्प मुदतीचा परवाना असे प्रकार आहेत. २०१५ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर प्रमुख खनिजांचे पट्टे लिलावाने दिले जातात व तो लिलाव राज्य सरकारच करते. प्रमुख खनिजांच्या खाणकामाचा आराखडा नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोच्या अखत्यारीत येतो. गौण खनिजांचा आराखडा राज्याचे अधिकारी मंजूर करतात. त्याखेरीज पर्यावरणविषयक मंजुरी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते.

खनिज बाहेर पडताना ‘ई-रवन्ना’ हा ऑनलाइन वाहतूक परवाना काढावा लागतो. काट्यावरील वजन आणि रवन्न्यातील नोंद जुळली, तरच वाहतूक वैध ठरते. स्वामित्वधनाचे दर प्रमुख खनिजांसाठी केंद्र, तर गौण खनिजांसाठी राज्य ठरवते. उत्पन्न दोन्हींचे राज्यालाच मिळते. काही क्षेत्रांत वसुलीचे काम ठेकेदारांना दिले जाते. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने स्वामित्वधन हा कर नसल्याचा आणि खनिज हक्कांवर कर बसवण्याचा राज्यांना अधिकार असल्याचा निर्णय दिला.

न्यायालयाचा हस्तक्षेप

परवान्याविना उत्खननासाठी १९५७ च्या अधिनियमात पाच वर्षांपर्यंत कारावास आणि हेक्टरी पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तरीही राजस्थानात अनेकदा न्यायालयाला लक्ष घालावे लागले. १६ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी नसलेल्या ८२ पट्टेदारांचा नदीपात्रातील वाळूउपसा थांबवला. अधिकृत वाळू बंद झाल्यावर मागणी मात्र कायम राहिली आणि अवैध व्यापार फोफावला. ११ नोव्हेंबर २०२१ रोजी बंदी उठवताना न्यायालयाने याची दखल घेतली. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये, अरवलीतील पाहणी केलेल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ नाहीशा झाल्याचे समोर आल्यावर, ११५.३४ हेक्टरवरील अवैध खाणकाम ४८ तासांत थांबवण्याचा आदेश देण्यात आला होता.

सुरक्षेचे नियम

खाण सुरक्षेची जबाबदारी केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या अधीन असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे आहे. त्याचे मुख्यालय झारखंडमधील धनबाद येथे असून, राजस्थानात अजमेर व उदयपूर येथे कार्यालये आहेत. १९५२ च्या खाण अधिनियमाने खाण सुरू करण्याची पूर्वसूचना, पात्र व्यवस्थापकाची नेमणूक आणि अपघाताची तत्काळ वर्दी बंधनकारक केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. संहितेतही खाणींपुरते ‘समुचित सरकार’ केंद्र सरकारच आहे.

१९६१ च्या धातू खाण विनियमांनी कठीण खडकातील उघड्या खाणीत पायऱ्या पाडण्याची अट घातली : पायरीची उंची सहा मीटरपेक्षा अधिक नसावी आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नसावी. धुळीबाबतचे सूत्रही त्यातच आहे. श्वसनयोग्य धुळीत मुक्त सिलिका पाच टक्क्यांहून कमी असेल, तर घनमीटरमागे तीन मिलिग्रॅमपर्यंत धूळ चालते. त्याहून अधिक असेल, तर १५ या आकड्याला सिलिकाच्या टक्केवारीने भागून मर्यादा काढतात. सिलिका ७५ टक्के असल्यास ही मर्यादा अवघी ०.२ मिलिग्रॅम भरते. सिलिकाचे प्रमाण मोठे असलेल्या वालुकाश्मात पाण्याविना छिद्रे पाडली, की ही मर्यादा पाळणे अवघड होते.

जुन्या अधिनियमाच्या कलम ३ मध्ये सवलतही होती. इमारती दगड, मुरूम, साधी वाळू यांसारख्या खनिजांची उघडी खाण सहा मीटरपेक्षा खोल नसेल, तेथे एका दिवशी पन्नासपेक्षा अधिक माणसे नसतील आणि स्फोटके वापरली जात नसतील, तर बहुतेक तरतुदी लागू होत नसत. खाण प्रत्यक्षात किती खोल गेली, हे पाहायला निरीक्षक पोहोचलाच नाही, तर सवलतीतील खाण आणि नियम मोडणारी खाण यांत कागदावर भेद राहत नाही.

मोठ्या खाणीत अपघात घडला, की यंत्रणा तातडीने हलते. १४ मे २०२४ रोजी खेत्री पट्ट्यातील हिंदुस्तान कॉपरच्या कोलिहान खाणीत माणसांची ने-आण करणारा पिंजरा दोर तुटून कोसळला. सुमारे १,८७५ फूट खोलीवर १५ जण अडकले. १४ जणांना वाचवण्यात आले, एकाचा मृत्यू झाला.

सिलिकोसिस आणि राज्याची भूमिका

धुळीने होणारा मृत्यू असा एका दिवसात दिसत नाही. सिलिकोसिसमध्ये फुप्फुसे कायमची निकामी होत जातात. त्यावर बरा करणारा उपचार नाही आणि लक्षणे अनेकदा बऱ्याच वर्षांनी प्रकट होतात. खाण नियम, १९५५ नुसार कामगाराची नेमणुकीच्या वेळी आणि नंतर दर पाच वर्षांनी वैद्यकीय तपासणी आवश्यक होती. लहान खाणीतील मजुराकडे हजेरीपत्रक किंवा नेमणूकपत्रच नसेल, तर मालकाकडून भरपाई मिळवणे दुरापास्त होते.

ही पोकळी राजस्थान सरकारने आपल्या बाजूने भरून काढण्याचा प्रयत्न केला. ऑक्टोबर २०१९ मध्ये राज्याने सिलिकोसिससह धूलिजन्य फुप्फुसविकारांचे निदान, प्रतिबंध, नियंत्रण व पुनर्वसन यांचे धोरण जाहीर केले. त्यानुसार प्रमाणित रुग्णाला तीन लाख रुपये, त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपये आणि मासिक निवृत्तिवेतन अशी तरतूद करण्यात आली. अर्ज, क्ष-किरण तपासणी व प्रमाणपत्र ही प्रक्रिया ऑनलाइन आहे.

मात्र ही मदत आजार जडल्यावर मिळते. प्रतिबंधासाठी राज्याच्या हाती दोन साधने उरतात. पहिले, पट्ट्याच्या अटी : ओल्या छिद्रणाची अट मोडणाऱ्याचा पट्टा राज्य रोखू शकते. दुसरे, २०१५ च्या दुरुस्तीने स्थापन झालेला जिल्हा खनिज प्रतिष्ठान निधी. त्यात जुन्या पट्टेदारांना प्रमुख खनिजांच्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के, तर लिलावाने पट्टा मिळवलेल्यांना १० टक्के रक्कम भरावी लागते. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निधीचा किमान ७० टक्के भाग पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण अशा प्राधान्याच्या कामांवर खर्च करावयाचा आहे.

तपासणीचा अधिकार राज्याकडे नसला, तरी पट्टा देण्याचा, रोखण्याचा आणि निधी वळवण्याचा अधिकार आहे. वालुकाश्माच्या खाणीत पाणी मारून छिद्र पाडले जाईल की कोरडेच, हे बऱ्याच अंशी या अधिकारांच्या वापरावर अवलंबून राहते.