रजेचं कारण

बँकेच्या रजेच्या अर्जात 'कारण' नावाचा एक रकाना असतो. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्या थोर मंडळींनी या रकान्याची अजून दखल घेतलेली नाही, हा मला अन्याय वाटतो. आमच्या शाखेतल्या एकेका कारकुनाने तिथे जी कल्पनाशक्ती खर्ची घातली आहे, तेवढ्यात चार कादंबऱ्या सहज झाल्या असत्या. आणि दर चार वर्षांनी फुटबॉलचा विश्वचषक आला, की या वाङ्मयाला विशेष बहर येतो.

मी राजोडीचा. विरार-नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला समुद्राला टेकलेलं आमचं गाव. आमचं मैदान म्हणजे किनारा. ओहोटीला ते वाढतं, भरतीला नाहीसं होतं. पाहुणे म्हणतात, "तुम्हा वसईकरांना हे वेड पोर्तुगीजांनी लावलं." मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. हिशेब मांडून बघितला. वसई पोर्तुगीजांकडे आली १५३४ साली, चिमाजी अप्पांनी ती घेतली १७३९ साली, आणि लंडनमध्ये फुटबॉलचे नियम लिहिले गेले १८६३ साली. म्हणजे तब्बल १२४ वर्षांची तफावत! पाव, बटाटा आणि चावी पोर्तुगीजांच्या खात्यावर खुशाल जमा करा. फुटबॉल ही नंतरची नोंद आहे.

आता या रकान्याचा इतिहास. सर्वांत मोठी रजा आमच्या बँकेतल्या कोणी घेतलेली नाही. ती खुद्द भारताने घेतली, १९५० साली. आपल्या गटातल्या बाकीच्या देशांनी माघार घेतली, त्यामुळे ब्राझीलच्या विश्वचषकाचं बोलावणं आपल्याला आयतं आलं. स्वीडन, इटली आणि पॅराग्वे यांच्याबरोबर आपलं नावही लागलं होतं. आणि आपण गेलोच नाही! अनवाणी खेळायला मनाई होती म्हणून गेलो नाही, असं लोक अजून सांगतात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते, त्यामुळे ते पटतंही. पण अभ्यासकांच्या मते खरी कारणं वेगळी होती. बोटीचा लांबचा प्रवास, अपुरा सराव, आणि मुख्य म्हणजे आपल्या फुटबॉलच्या कारभाऱ्यांना ऑलिंपिकपुढे विश्वचषक फारसा मोलाचा वाटत नव्हता. थोडक्यात, सांगायचं कारण एक, खरं दुसरं. आम्ही कारकून काही वेगळं करतो का?

अपवाद एकच, आमचे बाबा. तेही बँकेतच होते. १९८६ ची मेक्सिकोची फायनल आपल्याकडे लागली २९ जूनच्या रात्री साडेअकराला. मी आठ वर्षांचा होतो. शेजारच्या काकांच्या टीव्हीसमोर अर्धी आळी बसलेली, बाहेर पाऊस, आणि वीज जाऊ नये म्हणून आजीचा जप चाललेला. अर्जेंटिनाने जर्मनांवर दोन गोल चढवले, जर्मनांनी दोन्ही फेडले, मग बुरुचागाने तिसरा मारला. ३-२! तोवर सवा वाजून गेला होता. उजाडणार होती ती ३० जून, बँकांचा सहामाही हिशेब बंद करण्याचा दिवस. काका म्हणाले, "उद्या पोट दुखतंय म्हणून कळवा की!" बाबा म्हणाले, "पोट दुखत नाही." एवढं बोलून पहाटेच्या लोकलने गेले. रात्री दहाला परतले. दिवसभर एक रुपयाचा फरक सापडत नव्हता. शेवटी निघाला बाबांच्याच लेजरात. ३ च्या जागी २ लिहिला होता.

मी बाबांची नोकरीची परंपरा चालवली, सत्याची नाही. २००२ मध्ये सामने जपान-कोरियात, म्हणजे आपल्याकडे ऐन कॅशच्या वेळात. २१ जूनला, शुक्रवारी, दुपारी बाराला ब्राझील-इंग्लंड! मला पोटदुखी झाली. २०१४ ची ब्राझील-जर्मनी सेमीफायनल ९ जुलैच्या पहाटे दीडला होती. तोवर पोटदुखी वापरून जुनी झाली होती, म्हणून 'वडिलांची प्रकृती' असं लिहिलं. प्रकृती माझ्या शेजारी बसून चहा पीत होती. एकोणतीस मिनिटांत जर्मनीचे पाच गोल झाले तेव्हा बाबांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझा अर्ज खरा होणार बहुतेक." सामना ७-१ ने गेला. बाबा टिकले.

आणि मग २०१८. रशियातले बहुतेक सामने आपल्याकडे संध्याकाळी नाहीतर रात्री. रजेची गरजच नव्हती. ६ जुलैला सकाळी बाबांच्या छातीत खरोखरच कळ आली. इस्पितळाच्या जिन्यात उभं राहून मी साहेबांना फोन लावला. साहेब नवे होते, पण जुन्या साहेबांनी चार्ज देताना किल्ल्यांबरोबर माझी कीर्तीही दिली होती. मी म्हटलं, "साहेब, वडिलांची प्रकृती..." पलीकडून शांतपणे विचारणा झाली, "आज कोणाची मॅच आहे?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ब्राझील-बेल्जियम, साडेअकराला."

वीस वर्षं कॅश मोजली, पण आपली पत किती उरली आहे ते मला त्या जिन्यात कळलं. रजा मिळाली, कारण माझा आवाज पुढे फुटला. संध्याकाळी साहेब स्वतः इस्पितळात आले. खात्री करायला आले की भेटायला, मी विचारलं नाही. नाकात नळी असलेल्या बाबांनी त्यांना बसायला सांगितलं आणि म्हणाले, "साहेब, याच्यावर रागावू नका. हा खोटं लिहितो, पण वेळ बरोबर सांगतो." ब्राझील १-२ ने हरलं. ते बाबांना दोन दिवस कळू दिलं नाही.

बाबा बरे झाले. १८ डिसेंबर २०२२ ला मेस्सीची फायनल आम्ही घरीच बघितली. दुसऱ्या दिवशीच्या रजेचा अर्ज मी आधीच दिला होता. 'कारण' रकान्यात लिहिलं होतं : 'फुटबॉल. बाबांबरोबर जागायचं आहे.' साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत हे कारण कोणी लिहिलं नव्हतं." आणि सही केली.

१९५० चा तो मोठा अर्ज मात्र अजून फायलीत तसाच आहे. पुरुषांच्या विश्वचषकात भारत रुजू झाल्याची नोंद काही २०२२ पर्यंत सापडत नाही. बाबा म्हणतात, "होतील रुजू. रजा शिल्लक तरी किती राहणार?"