‘बॉलला लागला होता!’ तरीही रेड कार्ड का? टॅकल झाल्यावर पंच नेमकं काय बघतात

फुटबॉलच्या मैदानात बचावपटू घसरत येतो, बॉल बाहेर जातो, समोरचा खेळाडू पाय धरून लोळतो आणि पंचाची शिट्टी वाजते. मग एकच गलका उठतो, ‘बॉल, बॉल! बॉलला लागला होता!’ बचावपटू दोन्ही हातांनी गोल बॉलचा आकार करून दाखवतो. पंच मात्र खिशात हात घालून कार्ड काढतात आणि तिथून वादाला तोंड फुटतं.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठेपेठेचे संघ उतरतात तेव्हा हे चित्र दिसतं आणि गावच्या कापणी झालेल्या शेतातल्या सामन्यातही दिसतं. रात्री मोबाईलवर इंग्लंड-स्पेनचे सामने बघणाऱ्या पोरांनाही तोच प्रश्न पडतो. बॉलला पाय लागला तर फाऊल कसा? आणि फाऊल असलाच, तर कधी नुसती फ्री किक, कधी यलो आणि कधी थेट रेड, हे ठरतं कशावर?

नियम काय सांगतो?

जगभरातल्या फुटबॉलचे नियम आयएफएबी ही संस्था ठरवते. एकूण नियम 17 आहेत. त्यातला 12 वा नियम फाऊल आणि गैरवर्तनाचा. याच नियमात धसमुसळ्या खेळाच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत.

पहिली पायरी निष्काळजीपणा. खेळाडूने लक्ष दिलं नाही, अंदाज चुकला, पाय उशिरा पोचला. यात फक्त फ्री किक मिळते, कार्ड नाही.

दुसरी पायरी बेदरकारपणा. समोरच्याला धोका आहे, त्याचं काय होईल, याची पर्वा न करता खेळाडू घुसला. याला यलो कार्ड.

तिसरी पायरी अवाजवी ताकद. गरजेपेक्षा जास्त जोर लावला किंवा समोरच्याची सुरक्षितता धोक्यात आणली. याला थेट रेड कार्ड.

रस्त्यावरचं उदाहरण घेतलं तर लगेच समजेल. बोळातून बाहेर येताना एकाने बाजूला बघितलं नाही आणि मोटारसायकल हळूच घासली, हा झाला निष्काळजीपणा. बाजाराच्या दिवशी गर्दीतून गाडी दामटली, हा बेदरकारपणा. आणि ब्रेक दाबूनही थांबणार नाही अशा वेगात माणसांवर गाडी घातली, ही झाली तिसरी पायरी. पंचालाही एका क्षणात या तीनपैकी एक ठरवावं लागतं.

तिन्हींमध्ये डायरेक्ट फ्री किक मिळते. बचाव करणाऱ्या संघाच्या पेनल्टी बॉक्समध्ये असा फाऊल झाला तर पेनल्टी.

‘बॉलला लागला’ हा बचाव का चालत नाही?

बॉलला आधी पाय लागला की सगळं माफ, असं नियमात कुठंच लिहिलेलं नाही. बॉल नीट काढून घेतला ही गोष्ट पंच विचारात घेतात, पण बॉल घेताना समोरच्याच्या पायाचं काय झालं हेही बघतात. बॉलला लागून तोच पाय पुढं सरळ नडगीवर आदळला, तर रेड कार्ड मिळू शकतं.

30 सप्टेंबर 2023 रोजी टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल सामन्यात हेच घडलं. लिव्हरपूलच्या कर्टिस जोन्सचा पाय आधी बॉलवर पडला, बॉलवरून घसरला आणि बिसुमाच्या पायावर गेला. पंचांनी सुरुवातीला यलो दाखवलं. नंतर व्हिडिओ बघून ते बदललं आणि रेड दिलं. लिव्हरपूलने अपील केलं, ते फेटाळलं गेलं. जोन्सचा हेतू वाईट होता असं कुणी म्हणत नव्हतं, पण टॅकल धोक्याचा होता.

‘मुद्दाम केलं नाही’ या म्हणण्याचंही तसंच आहे. टॅकल बघताना मनात काय होतं हे पंच शोधत बसत नाहीत. ते बघतात की पाय कसा आला आणि कुठं लागला.

पंचांची नजर कुठं असते?

टॅकल झाल्यावर पंच साधारण या गोष्टी जोखतात:

• खेळाडू किती लांबून आणि किती वेगाने आला?

• पाय कुठं लागला? बुटावर, घोट्यावर, नडगीवर की गुडघ्यावर? जितकं वर, तितका धोका जास्त.

• बुटाचा कोणता भाग लागला? आडवा पाय वेगळा आणि तळव्याचे स्टड समोर करून आलेला पाय वेगळा.

• गुडघा वाकलेला होता की पाय काठीसारखा ताठ होता? ताठ पायाने सगळा भार समोरच्यावर जातो.

• एक पाय होता की दोन्ही? दोन्ही पाय जमिनीवरून सुटले असतील तर खेळाडूचा स्वतःवर ताबा राहत नाही.

• बॉल खरोखर मिळण्यासारखा होता का?

यातली एकच गोष्ट असली म्हणून लगेच रेड मिळत नाही. पण वेग, ताठ पाय, वर आलेले स्टड आणि घोट्याच्या वर लागलेला घाव हे एकत्र आले की पंचांपुढे दुसरा पर्याय उरत नाही.

टॅकल मागूनच असला पाहिजे असंही नाही. 1998 च्या विश्वचषकाआधी मागून येणाऱ्या धोकादायक टॅकलला थेट रेड देण्याच्या सूचना पंचांना होत्या, म्हणून ‘मागून केला की रेड’ ही समजूत घट्ट बसली. आजच्या नियमात समोरून, बाजूने किंवा मागून, असे तिन्ही शब्द आहेत. दिशा कोणतीही असो, धोका बघितला जातो.

आणखी एक गोष्ट. पाय लागलाच पाहिजे असंही नाही. समोरच्याने वेळीच उडी मारून पाय वाचवला, तरी लाथ मारण्याचा किंवा पाडण्याचा प्रयत्न हा फाऊलच आहे आणि त्याला कार्डही मिळू शकतं.

पाय मोडला म्हणजे रेडच का?

इथं सगळ्यांची गल्लत होते. दुखापत किती झाली यावर कार्ड ठरत नाही, टॅकल कसा होता यावर ठरतं.

3 नोव्हेंबर 2019 रोजी एव्हर्टन-टॉटनहॅम सामन्यात सॉन ह्युंग मिनने मागून पाय घालून आंद्रे गोमेसला पाडलं. पडताना गोमेस दुसऱ्या खेळाडूवर आदळला आणि त्याचा घोटा मोडला. पंच मार्टिन ॲटकिन्सन यांनी आधी यलो काढलं, पण दुखापत बघून ते रेड केलं. सॉन मैदानातच रडत होता. दोन दिवसांनी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ते रेड कार्ड रद्द केलं आणि सॉनची तीन सामन्यांची बंदीही गेली.

याच्या उलट प्रकार 17 ऑक्टोबर 2020 ला त्याच मैदानावर झाला. एव्हर्टनचा गोलकीपर जॉर्डन पिकफर्डने लिव्हरपूलच्या व्हर्जिल व्हॅन डाइकच्या पायावर झेप घेतली. गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि तो उरलेला सगळा मोसम खेळू शकला नाही. व्हॅन डाइक आधीच ऑफसाइड होता, म्हणून पेनल्टी मिळाली नाही. ते बरोबरच होतं. पण ऑफसाइड असलं तरी धोकादायक टॅकलला रेड देता येतं. पिकफर्डला कुठलंच कार्ड मिळालं नाही आणि त्यावर खूप टीका झाली.

कार्ड आली कुठून?

कार्डची पद्धत तशी अलीकडची. 1966 च्या विश्वचषकात पोर्तुगाल आणि बल्गेरियाच्या खेळाडूंनी पेलेला लाथांनी अक्षरशः जायबंदी केलं. त्याच स्पर्धेत इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात पंचांनी कुणाला ताकीद दिली, कुणाला बाहेर काढलं, यावरून मोठा गोंधळ झाला. पंचांची भाषा वेगळी, खेळाडूंची वेगळी.

स्पर्धेतल्या पंचांचे प्रमुख होते इंग्लंडचे केन ॲस्टन. गाडी चालवताना सिग्नलचे दिवे बघून त्यांना पिवळ्या आणि लाल कार्डची कल्पना सुचली. 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात कार्ड पहिल्यांदा वापरली गेली. त्या स्पर्धेत एकही रेड निघालं नाही. विश्वचषकातलं पहिलं रेड कार्ड 1974 मध्ये चिलीच्या कार्लोस कासेलीला मिळालं.

मोठे पंचही चुकतात

2010 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या नायजेल डी यॉन्गने स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीवर बुटाचे स्टड मारले. पंच हॉवर्ड वेब यांनी यलो दिलं. त्यांना मध्ये आलेल्या खेळाडूंमुळे नीट दिसलं नव्हतं. नंतर चित्र बघितल्यावर ते रेडच होतं, हे त्यांनी स्वतः मान्य केलं.

अशा चुकांसाठी विश्वचषकात 2018 पासून व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून मदत करणारे पंच आले. थेट रेड कार्डची उघड चूक झाली असेल तर ते मैदानातल्या पंचांना कळवतात. इथं एक महत्त्वाची सूचना आहे. पाय नेमका कुठं लागला हे बघायला चित्र हळू चालवायचं, पण टॅकलचा जोर किती होता हे बघायला नेहमीच्याच वेगात चालवायचं. कारण हळू केलं की साधा टॅकलही भयंकर दिसतो. मोबाईलवर फिरणारी स्लो मोशन क्लिप बघून मत बनवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवायला हवं.

गावच्या मैदानावर ना कॅमेरा, ना दुसरी संधी. एक शिट्टी, दोन डोळे आणि मधे चार खेळाडू आडवे. वेब यांच्यासारख्या पंचांना जे दिसलं नाही, ते आपल्या पंचांनाही कधी दिसणार नाही, हे मान्य करावंच लागतं.

साध्या टॅकललाही रेड का मिळतं?

कधी टॅकल अगदी हलका असतो, तरीही रेड निघतं. कारण त्या टॅकलने हमखास गोलची संधी हुकवलेली असते. खेळाडू एकटा गोलकडे निघाला आहे आणि त्याला पाडलं, तर रेड. फक्त पेनल्टी बॉक्समध्ये, बॉल मिळवायचा खरा प्रयत्न करताना फाऊल झाला असेल, तर 2016 पासून यलो आणि पेनल्टी. ओढून, धरून किंवा ढकलून पाडलं असेल तर तिथंही रेडच.

धोकादायक टॅकलनंतर पंच शक्यतो खेळ चालू ठेवत नाहीत. समोरच्या संघाला गोलची स्पष्ट संधी असेल तरच थांबतात आणि खेळ थांबल्यावर कार्ड दाखवतात. म्हणजे शिट्टी वाजली नाही म्हणून खेळाडू सुटला, असं समजू नये.

खेळाडूंनी आणि गावकऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

रेड मिळालं की त्याच्या जागी दुसरा खेळाडू येत नाही, संघ दहा जणांवर खेळतो. वर पुढच्या सामन्याची बंदी. ज्याच्या नडगीवर घाव बसतो त्याचं तर त्याहून जास्त जातं. प्लास्टर, महिनोन्महिने घरी बसणं आणि रोजंदारीवर जाणाऱ्या घरात पोरगं जाग्यावर, हा हिशेब वेगळाच.

म्हणून टॅकल करताना पाय जमिनीलगत आणि गुडघा वाकलेला ठेवावा. पोचणार नाही असं वाटलं तर पाय आवरावा. नडगीचं पॅड नियमानेच सक्तीचं आहे, सरावालाही ते घालावं.

पंचांना घेराव घालून निर्णय बदलत नाही, उलट हुज्जतीचं आणखी एक यलो मिळतं. 2024 च्या युरो स्पर्धेत तर निर्णयाबद्दल पंचांशी बोलायला फक्त कॅप्टननेच जायचं, असा दंडक होता. गावच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना हा दंडक पहिल्याच सामन्यापासून लावता येईल. त्याला कॅमेरा लागत नाही आणि खर्चही नाही.