प्राणवायू सरतो तेव्हा तळ्यात काय होतं?

आपल्या अष्टागरात, आवास-सासवण्यापासून चौल-रेवदंड्यापर्यंत, वाड्यांच्या आसपास गोड्या पाण्याची जुनी तळी आहेत. वैशाखात पाणी आटतं, हिरवं होतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. कोणीतरी विष टाकलं, अशी कुजबुज लगेच सुरू! पुष्कळदा कारण साधं असतं. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. रात्री तो सगळेच वापरतात, तयार कोणीच करत नाही.

मग त्याच पाण्यातले एकपेशीय जीव तगतात कसे?

१६८० मध्ये लेव्हेनहूकने मिरी आणि पावसाचं पाणी नळीत घालून तिचं तोंड वितळवून बंद केलं. आत काही जगणार नाही अशी त्याची अटकळ होती. उघडली तर जीव वळवळत होते. १८६१ मध्ये पाश्चरने हवेवाचून जगणारे जीव दाखवले, तेव्हा कुठे ही गोष्ट शास्त्रात रुजली.

आता आपल्या हिरव्या पाण्यातला युग्लिना घ्या. (मुंबईच्या प्लेगवर लस काढणारे हाफकिन तरुणपणी ओडेसात यावरच काम करत होते, हे सहसा कोणी सांगत नाही.) युग्लिना साखर साठवतो ती पॅरामायलॉनच्या रूपात. ती फोडून ऊर्जा मिळते, पण निघालेले इलेक्ट्रॉन अखेर प्राणवायूच्या पदरात टाकायचे असतात. तोच नसला तर? १९८२ मध्ये जपानी संशोधकांनी उत्तर दिलं: युग्लिना त्यांचं मेण करतो. हवा तुटली की पॅरामायलॉन घटतं, मेण वाढतं. हवा आली की उलट. यातलं कळीचं एन्झाइम पायरुव्हेटवर काम करतं. पेशीबाहेर काढलं तर ते प्राणवायूनेच बिघडतं, आणि तरी ते राहतं मायटोकाँड्रियात, जिथे आपण प्राणवायू वापरतो! मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. ही एन्झाइमं ऐनवेळी नव्याने घडवावी लागत नाहीत, बहुतेक आधीपासून हजर असतात. रोज रात्री दम कोंडणाऱ्या तळ्यात तेच सोयीचं.

माशांकडे ही सोय नाही. म्हणून मासे मेले आणि पाणी तपासायला द्यायचं असेल, तर नमुना पहाटेच घ्या. दुपारी त्याच तळ्यात प्राणवायू भरपूर सापडतो.